मसुरीच्या आमटीचा भाव

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी दर वर्षी वेदीवरून तीच कथा वाचली जाते. प्रभू येशू चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहतो आणि मोह घालणारा त्याच्याजवळ येतो. त्यानंतरच्या प्रवचनात आम्ही धर्मगुरू काय सांगतो? दारू सोडा, डोळे सांभाळा, जीभ आवरा, शुक्रवारी मांस वर्ज्य करा, मुलांच्या हातातील मोबाईलवर लक्ष ठेवा. सारे योग्यच आहे. पंचवीसहून अधिक वर्षे मीही हेच सांगत आलो. आज मात्र मला माझ्या त्या प्रवचनांविरुद्धच लिहायचे आहे.

माझी तक्रार अशी की, आपण मोहाला देहाच्या कोठडीत कोंडून ठेवले आणि तो तिथेच आहे अशा समजुतीने निर्धास्त झालो. तो मात्र केव्हाच मागच्या दाराने बाहेर पडला. आज तो सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बसलेला आहे, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेरील बाकावर बसलेला आहे, भावाबहिणीच्या पंगतीत बसून जेवतो आहे. आणि आपण त्याला ओळखत नाही. कारण त्याच्या तोंडाला दारूचा वास येत नाही.

पेणपासून रोह्यापर्यंतचा हा पट्टा वाचकांपैकी अनेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिला असेल. भाताची शेते, खाडीकाठची खारजमीन, पेणच्या कार्यशाळांत रंगणाऱ्या गणेशमूर्ती, पुढे धाटावच्या औद्योगिक वसाहतीची धुराडी. आमची ख्रिस्ती कुटुंबे येथे थोडी आणि विखुरलेली आहेत; पण जमिनीच्या भावाचा वारा सर्वांच्याच अंगणातून वाहतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गावांसाठी नव्या नगराची अधिसूचना निघाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. अशा प्रत्येक बातमीबरोबर गुंठ्याचा भाव पुढे सरकतो, दलालाच्या मोटारसायकलीच्या जागी मोटार येते आणि ज्या घरात भावंडे एकमेकांची विचारपूस करत होती, त्या घरात ती एकमेकांचे कागद तपासू लागतात.

जमीन विकणे हे पाप आहे असे मी म्हणत नाही. आजारपण असते, कर्ज असते, मुलांचे शिक्षण असते. विकण्यावाचून गत्यंतर नसते. प्रश्न विक्रीचा नाही. ती विकताना आपण आणखी काय विकतो, हा आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकातील एसावाची गोष्ट आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली आहे. थोरला एसाव रानातून थकून, भुकेने व्याकूळ होऊन घरी येतो. धाकट्या याकोबाने मसुरीची आमटी शिजवलेली असते. एक वाटी आमटी आणि भाकरी यांच्या बदल्यात एसाव आपला ज्येष्ठत्वाचा हक्क शपथेवर देऊन टाकतो, जेवतो आणि चालू लागतो. या कथेचे तात्पर्य म्हणून आपण शतकानुशतके एसावालाच दोष देत आलो. खादाड, उतावळा, वारशाची किंमत न कळलेला असा तो एसाव! परंतु त्या स्वयंपाकघरात दोन माणसे होती. पळी ज्याच्या हातात होती, त्याचे काय? सख्खा भाऊ भुकेला समोर उभा असताना ज्याने आमटी वाढण्याआधी भाव सांगितला, त्याला मोह झाला नव्हता काय?

आमच्या भागात या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना दिसते. पावसाळ्याच्या अखेरीस कातकऱ्यांच्या वाड्यांवर धान्य संपत आलेले असते. त्या सुमारास वीटभट्टीचा किंवा कोळशाच्या भट्टीचा माणूस येतो, हातावर उचल ठेवतो आणि दिवाळीनंतर सारे कुटुंब पोराबाळांसह भट्टीवर जाते. ती उचल फिटता फिटत नाही. तो कातकरी मोहाला बळी पडला असे म्हणणारा माणूस भूक म्हणजे काय हे विसरला आहे. मोहात पडला तो उचल देणारा. कारण दुसऱ्याच्या भुकेत त्याला स्वस्त मजुरी दिसली. मोह केवळ हात पसरणाऱ्याकडे येत नाही. मूठ ज्याची भरलेली आहे त्याच्याकडे तो अधिक वेळा येतो, आणि तिथे त्याला व्यवहार असे सोज्ज्वळ नाव मिळते.

आता मी माझ्या मुख्य विषयाकडे येतो. त्या विषयाचे नाव हक्कसोडपत्र.

वडील वारतात. वारसनोंदीत भावांबरोबर बहिणींची नावे लागतात. जमिनीला गिऱ्हाईक येते. मग एके दिवशी बहिणीला माहेरचे बोलावणे जाते. मटणाचे जेवण होते, साडीचोळी होते, जुन्या आठवणी निघतात आणि दुपारी चहाच्या कपाबरोबर एक कागद पुढे येतो. ताई, इथे सही कर. नुसती औपचारिकता आहे. ताई सही करते. कायद्याने त्यात काही गैर नाही. स्वखुशीने हक्क सोडण्याची मुभा कायदा देतो. पण मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच, हे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातच नमूद आहे. आपल्या हिंदू भगिनींना वडिलोपार्जित मिळकतीत पूर्ण समानता २००५ च्या दुरुस्तीने मिळाली. आपल्या भगिनींच्या पदरी ती शंभर वर्षे आहे. आणि या शंभर वर्षांत आपण तिचे काय केले? मसुरीची आमटी शिजवली.

केरळातील मेरी रॉय यांचा खटला अनेकांना ठाऊक असेल. तेथील जुन्या त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायद्याप्रमाणे मुलीचा वाटा मुलाच्या एकचतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढाच होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये निर्णय दिला की, तेथेही १९२५ चाच कायदा लागू आहे. त्या निर्णयावर नाराज होणाऱ्यांत ख्रिस्तसभेतील मंडळीही होती, हे लिहिताना मान खाली जाते. वास्तविक मेरी रॉय यांच्या कित्येक शतके आधी सलाफहादाच्या पाच कन्या मोशेपुढे उभ्या राहिल्या होत्या. वडिलांना मुलगा नव्हता म्हणून त्यांचे नाव वंशातून का पुसले जावे, आम्हांला वाटा का मिळू नये, असे त्यांनी सर्व लोकांसमक्ष विचारले. मोशेने तो प्रश्न परमेश्वरापुढे ठेवला आणि परमेश्वराने कन्यांचे म्हणणे रास्त ठरवले. गणना या पुस्तकात त्या पाचही जणींची नावे नोंदलेली आहेत: मह्ला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिर्सा. त्यांच्यावर एकही प्रवचन मी माझ्या तरुणपणी ऐकले नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर, कालपरवापर्यंत दिलेही नाही.

हे शहाणपण मला उशिरा आले आणि ते कसे आले ते सांगणे भाग आहे. पापनिवेदनातील अक्षरही धर्मगुरूने उच्चारायचे नसते. म्हणून जे उघडपणे, माझ्या घराच्या ओटीवर घडले तेवढेच सांगतो. काही वर्षांपूर्वी दोन भाऊ मिस्सानंतर मला भेटायला आले. सुस्वभावी माणसे, देऊळमातेवर प्रेम करणारी. रोह्याला दिलेली त्यांची बहीण हक्कसोडपत्रावर सही करायला का कू करत होती. फादर, तुम्ही एकदा ताईला सांगा, तुमचे ती ऐकेल, असे थोरला म्हणाला. धाकटा बोलता बोलता वर पाहत म्हणाला की, व्यवहार झाला की देवळाच्या छपराचे काम आमच्याकडे लागले. त्या वर्षी आमच्या छोट्या देवळाचे छप्पर गळत होते आणि वेदीच्या डाव्या बाजूला मी स्वतः ताडपत्री बांधली होती.

मी नाही म्हणालो नाही. बघतो, असे म्हणालो. दोन दिवस मी बघत राहिलो. आणि त्या दोन दिवसांत मोह माझ्याशी कोणत्या भाषेत बोलला असेल? पवित्र शास्त्राच्या भाषेत! संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातील सहावा अध्याय मला आठवला. भावाभावांनी न्यायालयात जाण्यापेक्षा नुकसान सोसावे हे बरे, अशा अर्थाचा उपदेश तेथे आहे. ताईला हेच सांगावे, घरात शांती नांदेल, देवाच्या घराचे छप्परही होईल. किती सुंदर योजना! प्रवचनाचा मसुदा जवळजवळ तयार झाला होता. रात्री आत्मपरीक्षणाला बसलो तेव्हा ध्यानात आले की, हा उपदेश मी त्या दोन भावांना करायला निघालो नव्हतो. नुकसान सोसण्याचा सल्ला घेऊन मी जिच्याकडे सर्वांत कमी आहे तिच्याकडे निघालो होतो आणि त्या सल्ल्याची दलाली पत्र्यांच्या रूपाने घेणार होतो.

अरण्यातल्या कथेत सैतानही स्तोत्रसंहितेचा आधार घेतो, हे आपण विसरतो. मंदिराच्या कळसावरून उडी मारण्यास सांगताना तो पवित्र वचनच पुढे करतो. म्हणून ज्यांना असे वाटते की, दारावर वचनाचे स्टिकर लावले आणि मोबाईलवर रोज सकाळी एक ओवी पाठवली की मोह उंबऱ्याबाहेर राहील, त्यांची मला काळजी वाटते. शास्त्रवचन हा ताईत नव्हे. येशूची तिन्ही उत्तरे अनुवाद या एकाच पुस्तकातली आहेत आणि तिन्ही लहान आहेत. लहानपणापासून तोंडपाठ असलेले, जगण्यात मुरलेले वचन असे ऐन वेळी ओठांवर येते. आणि ते ओळखण्याची एक खूण आहे: त्या वचनाने कोणाचा फायदा होतो ते पाहावे. स्वतःच्या भुकेसाठी येशूने दगडाची भाकरी केली नाही. पुढे लोकांच्या भुकेसाठी मात्र पाच भाकरी हजारोंना पुरवल्या. जे वचन माझीच झोळी भरते आणि दुसऱ्याला मुकाट्याने सोसायला सांगते, ते सांगणारा कोण आहे हे दोनदा तपासावे.

तिसऱ्या दिवशी मी दिवा-रोहा गाडीने रोह्याला गेलो. डब्यात तीन-चार तरुण मोबाईलवर मान खाली घालून बसले होते. पूर्वी आकडा लावणारी माणसे चोरून लावत. नंतरच्या काळात पत्त्यांचे जुगार भर डब्यात, बोटाच्या टोकाने खेळले जाऊ लागले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, हे उत्तमच झाले. पण कायद्याने पडद्यावरचा खेळ जातो; न कष्टता मिळावे ही इच्छा आत तशीच राहते. संत याकोबाच्या पत्रात हीच वंशावळ मांडली आहे: इच्छा गर्भ धरते, ती पापाला जन्म देते आणि पाप वाढून मृत्यूला. देव कोणालाही मोहात ढकलत नाही, असेही तेथेच सांगितले आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतील मोहाविषयीच्या विनवणीचे भाषांतर लोकांचा गैरसमज करते, असे पोप फ्रान्सिस २०१७ मध्ये म्हणाले होते ते यासाठीच. पुढे २०२० मध्ये इटालियन मिस्साग्रंथात तो बदल झालाही. ढकलणारा पिता नसतो. पडणारे आपण असतो.

ताईचे घर दोन खोल्यांचे. नवरा धाटावला कंत्राटी कामावर. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "जमिनीचं मला काही नाही, फादर. पण आधी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. कागदच तयार करून आणला. आणि सही नाही केली तर माहेर तुटेल, हे मला कुणी सांगायला नको."

मी तिला सही कर म्हणालो नाही, करू नकोस असेही म्हणालो नाही. एवढेच म्हणालो की, तो कागद भाऊ, भावजया आणि तू अशा सर्वांसमोर मोठ्याने वाचला जाऊ दे. त्यात काय लिहिले आहे आणि तुझा वाटा किती होतो हे ऐकून मग तुझ्या मनाला वाटेल ते कर. पेणला परतल्यावर मी भावांनाही हेच सांगितले. त्यानंतर वर्षभर ते आमच्या देवळात आले नाहीत. ती ताडपत्री आणखी एक पावसाळा टिकली.

या लेखावर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा की, बहिणीच्या लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा. मी विचारतो, भावाच्या लग्नात मांडव पडला नव्हता काय? त्याचा खर्च त्याच्या सातबाऱ्यातून कोणी वजा केला?

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. बहीण प्रेमाने देते, तिच्या प्रेमाला फादर हिशेब शिकवतात. प्रेमाने दिलेले दान मी डोक्यावर घेईन. पण जे मागण्याआधी टाईप झालेले असते आणि जे नाकारले तर माहेरची वाट बंद होते, त्याला दान म्हणत नाहीत. नाही म्हणण्याची मोकळीक जिथे नाही, तिथे हो या शब्दाला अर्थ नसतो.

तिसरा आक्षेप शास्त्राधाराने येईल. वतनाची वाटणी करून द्या म्हणणाऱ्या माणसाला प्रभूनेच परत पाठवले होते ना? होय, लूकच्या बाराव्या अध्यायात तसे आहे. येशूने वाटणी करणारा होण्यास नकार दिला. पण त्याच श्वासात त्याने लोभापासून सावध राहण्यास बजावले आणि कोठारे मोठी करत सुटलेल्या धनवानाचा दृष्टान्त सांगितला. मीही कोणाची वाटणी केली नाही. माझा वापर वाटणी बुडवण्यासाठी होऊ देणार नाही, एवढेच म्हणालो. आणि तेही दोन दिवस उशिरा.

आपण ख्रिस्ती माणसे स्वतःला जगाचे मीठ म्हणवतो. पेणच्या परिसराला मिठागरे ठाऊक आहेत, तेव्हा मीठ कसे असते हे आम्हांला कोणी शिकवायला नको. पण या मातीने शिकवलेले धडे तरी आपण घेतले काय? पेण तालुक्यातीलच गागोदे या गावी १८९५ साली विनोबा भावे जन्मले. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ झाल्यावर ते गावोगाव पायी फिरले आणि जमीनधारकांना म्हणाले की, तुम्हांला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा भूमिहीनासाठी द्या. याच विनोबांनी ख्रिस्तधर्म-सार हे संकलन सिद्ध केले. ज्या तालुक्याच्या सुपुत्राने परक्याला घरातला सहावा मुलगा मोजायला शिकवले, त्या तालुक्यात सख्खी बहीण मोजणीतून गळते आणि गाळणारे हात रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारतात.

आणखी एक धडा अलीकडचा. प्रस्तावित महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचे घाटत असताना २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. आमच्या आगरी-कुणबी शेजाऱ्यांनी मोठ्या संख्येने विरोध नोंदवला. पुढे तो प्रकल्प बारगळला. मला त्या वेळी नाबोथाची आठवण झाली होती. अहाब राजाने चांगला मोबदला देऊ केला, तरी वाडवडिलांचे वतन विकणार नाही असे तो द्राक्षमळ्याचा धनी म्हणाला आणि त्यासाठी प्राणाला मुकला. पण नाबोथाचे गोडवे गाताना एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. राजाला नाही म्हणताना सारा गाव पाठीशी असतो, घोषणा असतात, वर्तमानपत्रे असतात. मोटारीतून उतरलेल्या दलालाने बंद पाकिटातला इसार पुढे केला, तेव्हा पाठीशी कोणी नसते. रोजचा मोह असा एकट्याने, कोणी पाहत नसताना नाकारावा लागतो. म्हणूनच तो अधिक अवघड.

यावर उपाय काय? संत इग्नाती लोयोला यांनी शिकवले आहे की, शत्रूला गुप्तता हवी असते; त्याचे कुजबुजणे शहाण्या माणसाला सांगून टाकले की त्याचा डाव मोडतो. म्हणून मी माझ्या धर्मग्रामस्थांना हल्ली तीन साध्या गोष्टी सांगतो. आजच सही करा असे जो म्हणेल, त्याच्या कागदावर आज सही करू नये. घरातील प्रत्येक कागद घरातील सर्वांसमोर, बहिणींसमोर, मोठ्याने वाचावा. आणि रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत आज मी काय खाल्ले-प्यायले एवढेच न आठवता, आज कोणाच्या गरजेचा भाव मी ठरवला, हेही आठवावे. हे केल्यावर जे ओझे जाणवेल, ते घेऊन प्रायश्चित्त संस्काराला यावे. जक्कयाने नुसते अश्रू ढाळले नव्हते. अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचा शब्द त्याने दिला होता. परतफेडीवाचून पश्चात्ताप म्हणजे खरेदीखतावाचून इसारपावती!

प्रिय वाचकहो, कोणाच्याही शक्तीपलीकडे मोह येऊ दिला जात नाही आणि मोहाबरोबर सुटकेची वाटही दिली जाते, असा दिलासा संत पौल देतो. पेण-रोह्याच्या माझ्या माणसांसाठी ती वाट फार दूर नाही. ती माहेरच्या अंगणातून जाते.

त्या दोन भावांपैकी थोरला गेल्या पुनरुत्थानाच्या सणाला देवळात आला. आम्ही जमिनीविषयी बोललो नाही. ती जमीन अद्याप विकलेली नाही आणि उताऱ्यावर तिन्ही नावे आहेत, एवढे मला ठाऊक आहे. मिस्सा संपल्यावर तो छपराकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला. नवे पत्रे धर्मग्रामस्थांनी शंभर-दोनशे रुपयांच्या वर्गणीतून बसवले होते. त्या वर्गणीदारांच्या यादीत रोह्याच्या ताईचेही नाव आहे.